पूर्णिमाआक्का आणि पहिली पंगत

भांडणावर माझं घर चाललं. बेळगावच्या कोर्टात मी उभी हयात वकिली केली. बांधाची, वाटणीची, सामाईक भिंतीची भांडणं माझ्याकडं यायची आणि मी ती नीट जोपासायचो. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही. लोकांना ताप येतो म्हणून डॉक्टर काही रडत बसत नाही. सांगायचं एवढंच की भांडण म्हणजे काय चीज असते ते मला कळतं, आणि ते खरोखर मिटवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. तिचं नाव पूर्णिमा. मी राहतो त्या वृद्धाश्रमाची ती मॅनेजर आहे.

वृद्धाश्रम म्हटलेलं तिला खपत नाही. मी पहिल्या दिवशी तो शब्द काढला तेव्हा तिनं मला दारातच अडवलं. "आश्रम काय ओ वकीलसाहेब, तुम्ही काय जटा वाढवल्यात? घर म्हणा की." तर आमच्या या घराचं नाव 'आपुलकी'. वडगाव सोडून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आहे. समोर भाताची शेतं, त्यांच्या मागं राजहंसगड. उठवायला, आंघोळ घालायला, गोळ्या द्यायला माणसं आहेत. बायको गेल्यावर आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मी इथं आलो. मुलगा आशुतोष कॅनडात असतो. दर रविवारी फोन करतो आणि तिथलं हवामान सांगतो.

पूर्णिमा मूळची गुंजीची. वडील रेल्वेत, रुळांवर काम करायचे. स्टेशनजवळच्या क्वार्टर्समध्ये सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नळ होता, त्यामुळं तिथं रोज सकाळी एक खटला उभा राहायचा, आणि तो चालवायची पूर्णिमाची आई. ही पोर घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि ऐकायची. पुढं बेळगावात नर्सिंग शिकली, एका मोठ्या इस्पितळाच्या आयसीयूत बरीच वर्षं काढली आणि एक दिवस ती नोकरी सोडून इथं आली. का सोडली विचारलं तर म्हणते, "तिथं माणसं भांडायच्या अवस्थेतच नसतात ओ. मला करमेना."

अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ती व्हरांड्याच्या त्या टोकाला बोलली तरी ज्यांना कानाला यंत्र लागतं तेही वळून बघतात. रागावली की मोठ्यांना पोरासारखं झापते, आणि थोड्या वेळानं त्याच माणसाची नखं कापत बसलेली दिसते. ऐंशी ओलांडलेली माणसंही तिला आक्का म्हणतात. मीही म्हणतो.

तिची रीत मला कळली ती टीव्हीच्या भांडणात. नागेंद्र नावाचे चिकोडीकडचे गृहस्थ आमच्यात आहेत, बस खात्यातले निवृत्त कंट्रोलर, घरचं बोलणं कन्नड. संध्याकाळी हॉलमध्ये बायका मराठी मालिका लावायच्या. एक दिवस नागेंद्रंनी रिमोट उचलला आणि कन्नड बातम्या लावल्या. बायकांनी परत मालिका लावली. दोन-तीन संध्याकाळी असं झालं आणि आमच्या हॉलमध्ये अख्खा सीमाप्रश्न पेटला. माझी तर कळी खुलली. अस्मितेचा मुद्दा, बहुसंख्यांचा मुद्दा, सगळं मनात मांडून मी तयार बसलो होतो.

पूर्णिमा आली. भांडण कशाचं आहे हे तिनं विचारलंच नाही. नागेंद्रंच्या शेजारी बसून कन्नडमध्ये एवढंच विचारलं, राग कधीपासून येतोय? नागेंद्रंनी जरा आठवलं आणि म्हणाले, दिवाळीच्या साफसफाईपासून. त्या साफसफाईत त्यांची पंख्याखालची खुर्ची भिंतीकडं गेली होती आणि तिथं दुसऱ्याच कुणाची आली होती. पूर्णिमानं खुर्ची उचलून जागेवर ठेवली. आता नागेंद्र रोज मालिका बघतात, आणि मधे डुलकी लागली तर उठून सासू काय म्हणाली ते बायकांना विचारतात. माझे मुद्दे तसेच राहिले.

"भांडण कशाचं म्हणून विचारलं की माणसं खोटं सांगतात," ती मला नंतर म्हणाली. "मुद्दाम न्हाय. त्यांनाबी ठाऊक नसतंय. कधीपासून विचारलं की बरोबर गावतंय."

मला हे पटलं नाही, कारण कोर्टात आम्ही बरोबर उलटं करतो. पण त्या गोष्टीचा पुरावा लवकरच माझ्यासमोर आला, आणि त्यात खुद्द पूर्णिमाही आधी ठेचकाळली.

पद्मजाबाई बेळगावात माझं घर होतं त्या खडेबाजारातल्याच. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांची मुलगी केतकी इंजिनिअरिंगला असताना तिनं येळ्ळूरच्या समर्थशी लग्न ठरवलं. आमच्या गल्लीत तेव्हा बरीच कुजबुज झाली. बाईंचे यजमान तर शेवटपर्यंत त्या लग्नाला राजी नव्हते. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, पुण्यात गेली, सुखात आहेत. बाईंच्या यजमानांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कमरेचं हाड मोडल्यावर बाई 'आपुलकी'त आल्या, वॉकर धरून चालू लागल्या आणि आम्हा सगळ्यांचं मराठी सुधारू लागल्या. आमच्या भागात बाईमाणूससुद्धा बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतं; ती सवय मोडण्यात त्यांनी अख्खी नोकरी घातली होती आणि निवृत्तीनंतरही काम चालूच होतं.

पुढच्या वर्षी समर्थची आई, गुणाबाई, येळ्ळूरच्या घरात परसात पडली. मनगट मोडलं, गुडघे आधीच गेलेले. समर्थ आणि केतकीनं विचार केला आणि गुणाबाईंनाही इथंच आणलं. तेही पद्मजाबाईंच्याच खोलीत, शेजारच्या खाटेवर. दोन्ही आया एका छताखाली, दोघींना एकमेकींची सोबत, पुण्याहून एकदा आलं की दोघींची भेट. केतकीनं दोघींना खांद्याला खांदा लावून बसवलं आणि फोटो काढला. आम्हीही माना डोलावल्या. आमचा स्वयंपाकी भरमू तेवढा भात ढवळताना म्हणाला, "विहिणी विहिणी एका खोलीत? शिकल्या-सवरल्या पोरांनी हे काय केलं ओ?"

पोरं हुशार, पण पुण्यात राहून एक गोष्ट विसरली होती. विहीण ही मैत्रीण नसते. मुलाची आई ही मुलाची आई असते, ती ऐंशी वर्षांची झाली तरी आणि लग्नाला कितीही वर्षं लोटली तरी. तिचा मान असतो. ती आधी बसते, तिला आधी वाढतात, तिला विचारून खिडकी उघडतात. आणि पद्मजाबाईंनी तर आयुष्यभर वर्गात शिकवलं होतं की मुलीची आई कुणाहून खाली नसते.

त्यामुळं काय होणार ते झालं. खिडकीवरून झालं, पहाटेच्या रेडिओवरून झालं, देवांच्या फोटोंवरून झालं. गुणाबाई म्हणायच्या, "आमी पोराकडली हाय, जरा सांभाळून बोला." बाई म्हणायच्या, "इथं सगळे सारखे आहेत." पूर्णिमानं चार वेळा समजूत घातली आणि मग इस्पितळात करतात तसं केलं. दोघींना वेगळं केलं. गुणाबाईंना मागच्या बाजूची खोली दिली आणि जेवणाच्या दोन पंगतींत दोघींना वाटून टाकलं. पद्मजाबाई पहिल्या पंगतीत, गुणाबाई दुसऱ्या.

पहिल्या पंगतीत बाईंना बसवायला कारण होतं. त्यांना इन्सुलिन लागतं, ऑफिसात जाऊन त्या ते टोचून घेतात, आणि ते टोचलं की जेवण वेळेवर पोटात जावं लागतं. पण कुणाचा आजार कुणाला सांगायचा नाही हा पूर्णिमाचा आयसीयूतला नियम, तो तिनं इथंही पाळला. गुणाबाईंना दिसलं ते एवढंच की मुलीची आई पहिल्या पंगतीला बसते आणि मुलाच्या आईला तिच्यामागं बसवतात.

दुसऱ्या दिवसापासून गुणाबाईंची भूकच गेली. विचारलं की, "मला न्हाय पायजे." गावाकडनं पुतण्या चिरमुरे आणून द्यायचा, तेच खोलीत बसून खायच्या. पूर्णिमानं बळंबळं एकदा त्यांना हॉलमध्ये आणलं. पहिली पंगत अजून उठायची होती, पण तिनं वाढलेलं ताट त्यांच्या हातात दिलं. गुणाबाईंना समोर उभं बघून पद्मजाबाई हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मानपान घरी ठेवून यायचं असतं हो. इथं घास कोण आधी घेतं याला काही अर्थ नाही."

गुणाबाईंनी हातातलं ताट भिरकावलं. आमटी गरम होती. बाईंच्या हातावर आणि मांडीवर पडली. फार भाजलं नाही, पण फोड आला.

ट्रस्टच्या अध्यक्षांच्या कानावर हे गेलंच. ते दुसऱ्याच दिवशी आले, पूर्णिमाच्या ऑफिसात बसले आणि निकाल देऊन मोकळे झाले. ट्रस्टचं दुसरं घर निपाणीला आहे. ताट फेकणाऱ्या बाईंना तिकडं हलवायचं, सोमवारी गाडी येईल. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझ्याकडं पद्मजाबाईंचं वकीलपत्र असतं तर मीही तेच मागितलं असतं. समर्थला फोन केला तर तो म्हणाला, "चालेल की, निपाणी पुण्याहून जवळच पडतं."

गुणाबाईंनी ऐकून घेतलं आणि पिशवी भरायला काढली. त्यांना कुणी दोष दिला असता तर त्या भांडल्या असत्या, पण निपाणी म्हटल्यावर त्यांच्यातलं वारंच गेलं. त्यांना येळ्ळूरच्या बाहेर झोप लागायची नाही. इथं निदान व्हरांड्यातून गड दिसायचा, गावचं माणूस बेळगावला जाता-येता दारात थांबायचं, कुणाची म्हैस व्याली ते कळायचं. निपाणीत त्यांना ओळखणारं कुत्रंही नव्हतं. "तिकडं जाऊन मी लवकर मरतो बघा," त्या मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. मला फार वाईट वाटलं.

पूर्णिमा त्या दिवशी सगळ्यांवर उखडली. भरमूवर, माझ्यावर, डॉक्टरांवर. मग दुपारी तेलाची वाटी घेऊन गुणाबाईंच्या खोलीत गेली आणि त्यांचे गुडघे चोळायला बसली. मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो; मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मी येवढं सगळं केलं आणि तुम्हाला एक विचारायचंच राहिलं. हा राग कधीपासनं हाय?"

गुणाबाई म्हणाल्या, "लगनापासनं."

आणि सांगत गेल्या. समर्थ एकुलता एक. त्याच्या लग्नासाठी त्यांनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. पोरानं रजिस्टर लग्न केलं, तेही त्यांनी पोटात घातलं. त्या दिवशी भाऊ, दीर, पुतणे सगळे फेटे बांधून ऑफिसच्या बाहेर उभे राहिले. सह्या झाल्या, सगळे एका हॉटेलात जेवायला गेले. "कुणी पाय धुतलं न्हाय. कुणी घटकाभर बसा म्हणालं न्हाय. वेटर आला आनी काय पायजे म्हणून इचारून गेला. माझ्या आईला, सासूला, समद्या जावांना विहिणीची पंगत मिळाली. म्या रुसून बसावं म्हणलं, तर माझा रुसवा काढाया मुलीकडचं हुतं कोण? रुसायची बी सोय न्हाय ठिवली."

पूर्णिमाचे हात थांबले. "म्हणजे अजून रुसलाच हाय तुम्ही."

"मग काय तर."

तिथून ती थेट पद्मजाबाईंकडं गेली. यावेळी मला बरोबर घेतलं, कारण मी खडेबाजारातला. बाईंनाही तोच प्रश्न. बाईंनी चष्मा काढला आणि उत्तरही तेच आलं, त्या दिवसापासून.

"त्या दिवशी मी यांना न सांगता घरातून बाहेर पडले," बाई म्हणाल्या. "वकीलसाहेब, तुम्हाला ठाऊक आहे आमच्याकडचं. केतकीच्या बाजूनं अख्ख्या लग्नात मी एकटी. दीर नाहीत, भाऊ नाहीत, शेजारी नाहीत. आणि समोर गुणाबाईंची सगळी फेटेवाली फौज. त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, मला कस्पटासमान मानतात. मी घास गिळला आणि घरी जाऊन यांची बोलणी खाल्ली. विहिणीची पंगत काढायला यजमान लागतात, वाढायला चार हात लागतात. मी कुणाला घेऊन वाढणार होते?"

मला त्या गल्लीतलं सगळं आठवत होतं. बाई खरं सांगत होत्या. पूर्णिमा मात्र उठून उभी राहिली आणि तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला.

"मग माझंच चुकलं ओ बाई. मी ह्याला भांडण समजून दोघींना वेगळं करत बसलो. हा रुसवा हाय. रुसवा लांब ठेवून मिटत न्हाय, जवळ जाऊन काढावा लागतो. रविवारी आपण विहिणीची पंगत घालायची."

बाई कडाडल्या. मुलीच्या आईनं पाय धुवायचे, तेही जिनं आपल्या अंगावर आमटी फेकली तिचे, हे त्यांना जन्मात मान्य नव्हतं. आधी तिनं माफी मागावी, अशी अट त्यांनी घातली. पूर्णिमानं अट ऐकून घेतली. "पाय मी धुतो. तुम्ही फकस्त दारात उभं राहून जेवायला बोलवा. एकट्या न्हाय. ह्यावेळी मुलीकडली माणसं मी देतो तुम्हाला." आणि बाहेर आल्यावर मी विचारलं की माफीचं काय, तर म्हणाली, "मी पोचवणारच न्हाय ती अट." मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

बाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाही असंही परत म्हणाल्या नाहीत.

'आपुलकी'त इतकी वर्षं लग्न झालं नव्हतं, त्यामुळं नुसती पंगत म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. मला मुलीचा मामा केलं आणि डोक्यावर फेटा चढवला. निम्मी बायामाणसं मुलीकडची झाली. नागेंद्रंनी जाहीर केलं की आपण मुलाकडचे. त्यांच्याकडंही व्याह्यांना बीगर म्हणतात आणि त्यांची जेवणावळ घालतात, तेव्हा बीगरांना काय काय द्यावं लागतं ते त्यांना पाठ होतं, आणि यातलं एकही ते सोडणार नव्हते. भरमूनं आमटी, कोशिंबीर, भात असा बेत मांडला आणि मांडे मात्र शहापूरच्या एका बाईंकडनं मागवले. गुडघे वाकत नाहीत म्हणून पूर्णिमानं पाट खुर्चीवरच ठेवला, भोवती रांगोळी काढली आणि खुर्ची सजवली.

रविवारी जेवणाची वेळ झाली. पण गुणाबाई खोलीतून हलेनात. खाटेवर बसून, पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड. पूर्णिमा आतून खूश होती. "बघा, आता रितीनं रुसल्या," मला म्हणाली. "जावा मुलीकडचं, काढा रुसवा. मी तोवर पाय धुवायचं पाणी ऊन करून आणतो."

आम्ही वाजतगाजत दारात गेलो. मी बोलायला सुरुवात केली. विहीणबाईंचा मान, दोन घराण्यांचं नातं, झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी, सगळं मी मुद्देसूद मांडलं. कोर्टात मला वेळेची मर्यादा असायची, इथं नव्हती. मुलाकडच्यांच्या वतीनं नागेंद्र मधे मधे हरकत घेत होते, त्यांनाही मी उत्तरं दिली.

गुणाबाई भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "रुसवा काढाया वकील आणलाय व्हय दारात? ज्यानं बोलवायचं ते कुठं हाय?"

गर्दी बाजूला झाली आणि वॉकरचा आवाज आला. पद्मजाबाई होत्या. जरीची साडी, भाजलेल्या हातावर पट्टी, आणि त्याच हातात पाण्याचा तांब्या. त्या मघापासून मागं उभ्याच होत्या. माझं भाषण संपायची वाट बघत. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मी बोलवायला आलोय. चला की जेवायला."

त्यांच्या तोंडून असं बोलणं आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं. पण ते ऐकून काही वाटायच्या आत मला दिसलं की तांब्या हलतोय. बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. ओठ पांढरे पडले. तांब्या हातातून सुटला आणि पाणी सगळ्या खोलीभर पसरलं. मला वाटलं, बाईंना भरून आलं.

गुणाबाई वळल्या. त्यांनी एकदा बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हिला साखर हाय? सुई घेती ही?"

"घेतात," मी म्हणालो; खडेबाजारापासून मला ठाऊक होतं.

"घिऊन किती येळ झाला?"

मला काय ठाऊक. पण मागून गोळ्या देणाऱ्या बाईंनी सांगितलं, जेवण वेळेवर आहे म्हणून बाईंनी नेहमीच्या वेळेला टोचून घेतलं होतं. जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. गुणाबाईंनी मांडीवरची पिशवी फाडल्यासारखी उघडली. लुगडं बाहेर फेकलं, चिरमुरे सांडले, तळातून गुळाचा खडा काढला आणि ज्या मनगटाला अजून नीट पकड नव्हती त्याच हातानं बाईंना धरून खाटेवर बसवलं. "तोंड उघड. चावू नको, चघळ. चघळ गं. माझ्या धन्याला असंच हुईत हुतं. मला ठावं हाय."

पूर्णिमा धावत आली तेव्हा बाई गूळ चघळत होत्या आणि गुणाबाई पदरानं त्यांचा घाम पुसत होत्या. पूर्णिमानं बोट टोचून साखर तपासली, वर साखरपाणी पाजलं, पुन्हा तपासली. बाईंच्या तोंडावर रंग आला तसा तिनं मोठा श्वास सोडला. आम्ही सगळे दारात शेळपटासारखे उभे होतो.

मग गुणाबाईंनी तिला धारेवर धरलं. "म्हणून हिला पैल्या पंगतीला बसवत हुतीस व्हय? सुई घेती म्हणून?"

"व्हय, मावशी."

"मग येका तोंडानं सांगायला काय झालतं गं तुला? म्या ताट फेकलं असतं व्हय?"

"चुकलं माझं," पूर्णिमा म्हणाली. हे म्हणताना तिचा आवाज जेमतेम खोलीपुरता होता.

"भाजलंय लई?" गुणाबाईंनी बाईंचा पट्टीचा हात उचलून बघितला.

"नाही," बाई म्हणाल्या. "फोड बसला."

"माझा हातच तसला. धन्यावरबी फेकलतं म्या एकदा." माफी म्हणाल तर एवढीच. बाईंनी ती घेतली, कारण मी त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्या हसत होत्या.

पाय धुवून घ्यायला गुणाबाईंनी नकार दिला. सगळं पाणी आधीच जमिनीवर सांडलंय म्हणाल्या. पण मान सोडला नाही. पाटावर त्याच बसल्या. नागेंद्रंनी बीगरांचं सगळं मागून घेतलं, पान, सुपारी, नारळ, आणि स्वतःसाठी एक टॉवेलही. मी फेटा सावरत मांडे वाढले. रीत अशी की विहिणीनं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही. आम्ही सगळे हात वर धरून बसलो. गुणाबाई ताटाला हात लावेनात.

पूर्णिमानं विचारलं, "आता काय राहिलं, मावशी? रुसवा निघाला न्हाय?"

"निघाला. पर विहिणीकडनं काय तरी मागून घ्यायचं असतंय की." त्या पद्मजाबाईंकडं वळल्या. "तुज्या खोलीतली खिडकीकडली खाट दे. तिथनं गड दिसतोय. निपानीला काय मी जात न्हाय."

"दिली," बाई म्हणाल्या. "पण रेडिओ पहाटे लागणार."

"लाव. मला तरी कुठं झोप असती." एवढं बोलून त्यांनी मांड्याचा नव्हे, आमटीभाताचा घास कालवला आणि हात बाईंच्या ताटाकडं केला. "आता तू घे आदी. मग मी."

पद्मजाबाईंनी घास घेतला. त्यांचे डोळे भरले आणि या खेपेला ते साखरेमुळं नव्हतं. मग गुणाबाई जेवल्या, आणि मग आम्ही.

सोमवारी निपाणीची गाडी आली. अध्यक्षही आले होते. पूर्णिमानं त्यांना उरलेले मांडे दिले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "साहेब, भांडण नव्हतंच ते. लग्नातला रुसवा राहिलता, तो निघाला. तुमच्या गाडीनं शहापूरच्या बाईंची परात पोचवा तेवढी." अध्यक्ष काय बोलणार? परात घेऊन गेले.

आता दोन्ही विहिणी पहिल्या पंगतीला बसतात, आणि भांडतातही. परवाच केतकी आईला सुट्टीत कमी दिवस देते यावरून जुंपली होती, आणि गंमत म्हणजे केतकीची बाजू गुणाबाई घेत होत्या. पूर्णिमा मधे पडली नाही. पण जेवणाची घंटा झाली की पाटावरनं गुणाबाईंचा आवाज येतो, "सुई झाली काय गं विहीण?" आणि पद्मजाबाईंनी पहिला घास घेईपर्यंत मुलाची आई ताटाला हात लावत नाही.